क्लू अडला की सॉल्व्हर उघडायचा की मित्रांना विचारायचं?

क्रिप्टिक क्रॉसवर्डचा, म्हणजे शब्दांच्या करामतीत उत्तर लपवणाऱ्या शब्दकोड्याचा, क्लू अडला की ॲनाग्राम सॉल्व्हर (अक्षरं उलटसुलट करून शब्द शोधून देणारं टूल) सगळ्यात फास्ट, अक्षरं टाकली की शब्द हजर, पण तोच शब्द का ते कळत नाही, आणि डबल डेफिनिशन (एकाच उत्तराचे दोन अर्थ देणारा क्लू) असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. मित्रांना विचारलं तर वेळ जातो खरा, पण कोणीतरी एवढंच म्हणतं, "अरे, डेफिनिशन शेवटी बघ ना", कारण ती, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग, बहुतेक वेळा क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटीच असते, आणि मग 'ब्रोकन', 'ड्रंक' असले शब्द अक्षरं उलटसुलट करायला सांगतायत हे झटकन दिसतं. फक्त काही महाभाग हिंट मागितली की थेट उत्तरच सांगून मोकळे होतात, असल्यांना विचारूच नका! मी तरी आधी मित्रांनाच छळतो, सॉल्व्हर अगदीच नाइलाज झाला तर.