मुलाचा गेम कन्सोल, आठ महिने माझ्या हातात

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा हातात धरायचा गेम कन्सोल इथेच कपाटात राहिला. माझा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा. मार्चनंतर सोलापुरात दुपारी दोन ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तेव्हा एकदा सहज तो हातात घेतला. म्हणजे हा अनुभव सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचा आहे, ग्राफिक्सचं मला विचारू नका.

आधी यंत्राबद्दल. अक्षरं बारीक, चष्मा लागतोच. मे महिन्यात पारा 43 वर गेला की पाठ तव्यासारखी तापते, म्हणून चार्जिंगला लावून खेळायचं मी बंद केलं. सहाव्या महिन्यात माणूस चालवायची डावी काडी (जॉयस्टिक) बिघडली. बोट न लावताही गेममधला माझा माणूस आपला डावीकडे चालत सुटायचा, थेट तळ्यापर्यंत. नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यानं 700 रुपयांत बदलून दिली, तेव्हापासून ठीक आहे.

आता कन्सोल हातातून सुटत नाही त्याचं खरं कारण. मी खेळते ती 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन या एकाच माणसानं काही वर्षं खपून चित्रं, संगीत, सगळं स्वतः केलं आणि 2016 मध्ये गेम बाहेर काढला. आजोबांची पडीक शेती नातवाला मिळते, एवढीच गोष्ट. मी मंगळवेढ्याची. कोरडवाहू ज्वारी बघत वाढले, त्यामुळे पहिल्यांदा हसूच आलं. शेतीतून सुटून सोलापूरला आले आणि इथे बसून पुन्हा शेतीच करतेय!

पण ही शेती वेगळी. पार्सनिप म्हणून गाजरासारखा पांढरा कंद असतो. बी गेममधल्या 20 नाण्यांना, चार दिवसांत तयार, विक्री 35 ला. पाणी घालायचं राहिलं तर पीक जळत नाही, नुसतं थांबतं. उद्या पाऊस आहे का ते टीव्ही आदल्या दिवशी सांगतो आणि तो पडतोच. कावळे येतात, पण बुजगावणं उभं केलं की ऐकतात.

दसऱ्याला माहेरी गेले तेव्हा आण्णांना दाखवला. बराच वेळ चष्मा वरखाली करून बघत होते.

"माल कुठं घालायलीस?"

"ह्या पेटीत टाकायचा. सकाळी पैसे येतात."

"अडत?"

"नाही."

"हमाली, तोलाई?"

"काहीच नाही, आण्णा."

"मग खेळच आहे हा," म्हणाले आणि कन्सोल परत दिला.

मला गेम का आवडतो ते त्या दिवशी कळलं. केलेल्या कामाचं फळ ठरल्या वेळी, ठरल्या भावानं हातात पडतं. आमच्या धंद्यात शेंगदाणा कधी वर जाईल, गिऱ्हाईक उधारी कधी देईल, कशाचा नेम नसतो. इथे चुकलं तरी कोणी बोलत नाही, उद्या सकाळी सहाला दिवस नव्यानं सुरू.

तो दिवसही लबाड आहे. जेमतेम चौदा मिनिटांचा, आणि झोपल्याशिवाय खेळ साठवला जात नाही. त्यामुळे 'एवढा एकच दिवस' म्हणता म्हणता तास जातो. जुलैत या नादात अडीच किलो शेंगदाणे करपवले. त्या दिवसापासून कन्सोल आठवडाभर धान्याच्या डब्यामागे ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत गेमिंगचा विकार 2022 पासून लागू झालाय, पण तिथे नुसते तास मोजत नाहीत. नुकसान दिसत असूनही ताबा राहत नाही, साधारण वर्षभर तेच चाललंय, असं असेल तर. माझं तेवढं झालेलं नाही. शेंगदाण्यांचा हिशेब मात्र आमचे हे अजून काढतात.

कंटाळा आला की टेट्रिस. ह्याच्याशी ओळख जुनी. नव्वदच्या दशकात गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून भावानं करड्या पडद्याचा ब्रिक गेम आणला होता, त्यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्हनं 1984 मध्ये हा खेळ केला. चार-चार चौकोनांचे सातच आकार, वरून पडतात आणि आपण ते फट न ठेवता रचायचे. गंमत म्हणजे ह्यात जिंकणं असं नसतंच, वेग वाढत जातो आणि शेवटी आपण हरतो. तरी लगेच दुसरा डाव लावतो, कारण हरण्याच्या अगदी अलीकडे दोन-तीन मिनिटं अशी येतात की हात आपोआप चालतात, डोक्यात उधारी नाही, पाण्याची पाळी नाही, काही नाही. मानसशास्त्रज्ञ चिक्सेंटमिहाय ह्यालाच 'फ्लो' म्हणायचे. मला असं पूर्वी फक्त भाकरी थापताना व्हायचं.

सध्या माझ्या शेतात हिवाळा आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, पेरणी जवळपास नसते. मंगळवेढ्यात ह्याच दिवसांत ज्वारी उभी आणि हुरड्याची वाट बघणं चालू, त्यामुळे हे काही मनाला पटत नाही. बसून मासे धरतेय, आणि त्यात मला अजिबात गती नाही. संक्रांतीला मुलगा येईल तेव्हा कन्सोल परत नेणार म्हणतोय. म्हटलं ने, पण आधी मला दुसरा बघून दे. थोडा मोठ्या अक्षरांचा.