शेंद्रा-करमाड पट्ट्यातला फ्लॅट : चौदा महिने राहिल्यानंतरचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, क्रांती चौकापासून २२ किलोमीटरवर, ग्रामपंचायत हद्दीत २५ लाखांचा टू बीएचके. २४ फ्लॅटची इमारत, तीन मजले आणि खाली पार्किंग. चौदा महिन्यांत एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा इथं निघाला. या भागात घर घ्यावं की नाही, असं विचारणाऱ्यांना आमचं एकच सांगणं आहे: हप्त्यात पाणी आणि रोजचं येणंजाणं मिळवा आणि मगच घर स्वस्त आहे का ते ठरवा.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण इथलं बाकी सगळं त्यावर चालतं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनाचा आकडा. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, म्हणजे २४ घरांना रोज जवळपास १३,००० लिटर. पावसाळा आणि हिवाळ्यात आमची बोअर एवढं पाणी आरामात देते. एप्रिलच्या मध्यापासून मात्र मोटर अर्धा तास चालली की हवा ओढते. मग दोन तास थांबायचं आणि पुन्हा चालू करायची. मे महिन्यात दिवसाला कसेबसे ५,००० लिटर मिळाले. रोजची तूट ८,००० लिटरची, म्हणजे महिन्याला १०,००० लिटरचे २४ टँकर. टँकर १,५०० रुपयांना पडला, तेव्हा प्रत्येक घरावर मेंटेनन्सशिवाय महिन्याला १,५०० रुपये वाढले. टँकर आला तरी पाणी लगेच वर जात नाही. खालचा हौद लहान असेल तर अर्धा टँकर रिकामा करून उरलेला परत पाठवावा लागतो आणि पैसे पूर्ण द्यावे लागतात. म्हणून फ्लॅट बघायला गेलात की हौदाची लांबी, रुंदी आणि खोली टेपनं मोजा. फुटांतल्या तिन्ही मापांचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा, लिटर निघतील. २४ घरांना २५,००० लिटरपेक्षा लहान हौद पुरत नाही.

दलाल हमखास म्हणतो, ‘जायकवाडीचं पाणी येणारच आहे.’ येईल तेव्हा आनंदच आहे. पण इमारतीच्या नावावर नळजोडणीची पावती नसेल तोवर हिशोबात ते पाणी शून्य धरा.

दुसरा मुद्दा पाण्याच्या क्षाराचा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो घेऊनच जा. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं मानतात आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचं पाणी पावसाळ्यात ७०० आणि मेमध्ये १,४०० च्या वर गेलं. धुतलेला स्टीलचा पेला न पुसता वाळू दिला की त्यावर पांढरा थर बसतो आणि बोटानं घासला तर भुकटी हाताला लागते. हाच थर गिझरच्या कॉइलवर चढतो, म्हणून दहा महिन्यांत गिझर उघडावा लागला. आरओ बसवावाच लागतो आणि तो एक लिटर गाळताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा संडासात वापरा. झाडांना रोज घालू नका, माती खारी होते.

आता भिंतींविषयी. या पट्ट्यात बरीच जमीन काळी, चिकट. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खाली कठीण मुरूम किंवा खडकापर्यंत नेला नसेल तर इमारत त्या मातीबरोबर हलते. म्हणून घर मे महिन्यात बघा. ऑगस्टमध्ये माती फुगलेली असते आणि भेगा मिटलेल्या दिसतात. कॉलम आणि विटांच्या सांध्यावर उभी, सरळ, केसासारखी चीर असेल तर घाबरू नका. तिथं जाळी न मारता गिलावा केला की ती पडतेच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, पेन्सिलचं टोक आत जाईल एवढी भेग मात्र गंभीर समजा. इमारतीच्या कडेची फरशी भिंतीपासून सुटली आहे का, तेही वाकून बघा. आमच्याकडे जिन्याच्या खिडकीपाशी तिरपी भेग निघाली. तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून शेजारी तारीख लिहिली. जूनमध्ये काच तडकली, म्हणजे भेग जिवंत आहे हे कळलं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर आपण कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरनं तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगून भागत नाही. फोटो आणि तारीख घालून ईमेल करा, वर रजिस्टर पत्रही पाठवा. आमच्या बिल्डरनं पत्र मिळाल्यावरच माणूस पाठवला.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त फसवणूक ‘नमुना आठ’च्या नावावर होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीसाठीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा होत नाही. सातबारा, फेरफार, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे पाचही कागद मागा आणि वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढून घ्या. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला रेरा नोंदणी लागत नाही. म्हणूनच शेजारीशेजारी आठ-आठ फ्लॅटच्या तीन इमारती दिसल्या तर जास्त चौकशी करा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, मग इसारपावती कितीही जाड कागदावर असो. राष्ट्रीयीकृत बँकेनं त्या प्रकल्पाला कर्ज नाकारलं असेल आणि बिल्डर एखाद्या फायनान्स कंपनीकडे चला म्हणत असेल तर कारण लेखी विचारा.

पैशांचा हिशोब असा. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे १७,४००. दुचाकीवर रोज ४४ किलोमीटर, महिन्याला २६ दिवस म्हणजे १,१४४ किलोमीटर. लिटरला ५० चा ॲव्हरेज आणि पेट्रोल १०५ धरलं तर २,४०० रुपये. मुद्रांक शुल्काचा दर हद्दीनुसार बदलतो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. बांधकाम चालू असताना परवडणाऱ्या घराला जीएसटी एक टक्का, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर काहीच नाही. जाळ्या, मच्छरजाळी आणि मीटर यांना रोख वेगळी ठेवा.

वीज ठीक आहे, वळवाच्या पावसात दोन-तीन तास जाते. सर्वात वरचा, पश्चिमेचा फ्लॅट घेऊ नका. ४२ अंशांच्या दिवसात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेलाच असतो आणि पंखा गरम हवाच फिरवतो. रात्री तातडीनं घाटीत, म्हणजे शहरातल्या सरकारी रुग्णालयात, जायचं तर इथून अर्धा-पाऊण तास लागतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे आधी विचारात घ्या. करमाडला रेल्वे स्टेशन आहे, पण तिथं एक्स्प्रेस गाड्या सगळ्या थांबत नाहीत.

शेंद्रा एमआयडीसीत नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी असेल तर हे घर घ्यावं असं आम्ही मनापासून सांगतो. पाच किलोमीटरवर काम असलं की पेट्रोलचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो आणि पाण्याचा वाढीव खर्च सहज निघतो. नोकरी वाळूजला असेल तर रोज सगळं शहर ओलांडावं लागतं, तिथं हा हिशोब बसत नाही. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीतल्या नव्या प्रकल्पांकडे बघून भाव वाढतील म्हणून गुंतवणुकीसाठी घेणाऱ्यांनी आमच्या इमारतीचं भाडं लक्षात ठेवावं: टू बीएचकेला ७,०००, हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी याच इमारतीत ११ महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहावं, आणि करार फेब्रुवारीत सुरू करावा, म्हणजे मे आणि ऑगस्ट दोन्ही त्याच घरात निघतील.