श्राद्धाचा स्वयंपाक घरपोच: चव चोख, चौकश्या नकोत

पेठेतल्या एका काकूंकडून यंदा अविधवा नवमीचा स्वयंपाक मागवला. सासूबाई सवाष्ण गेल्या, त्यामुळे आमच्याकडे तीच तिथी. काकूंचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार हाताच्या चवीबद्दल नाहीच.

आधी जेवण. उडदाचे वडे गार झाल्यावरही चिवट झाले नाहीत, तिथेच निम्मे पैसे वसूल. तांदळाची खीर दाट, वेलची बेताची. आमसुलाची चटणी अशी की आमच्या ह्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला, तो नुसत्या चटणीसाठी. गवारीला खोबरं सढळ हाताने. कारलं जरा कच्चं होतं आणि कढी म्हणजे ताकाला आलेला ताप.

पथ्यपाणी पाळण्यात काकू एकदम कडक. कांदा-लसूण नाही, मसूर नाही, वांगं नाही. पण लाल भोपळा आणि मिरची चालते! मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, भोपळाही मूळचा अमेरिकेचा. पिढ्यान्‌पिढ्या इथे पिकणारा कांदा वर्ज्य आणि साता समुद्रापलीकडची मिरची पितरांच्या पानात. असो, भाजी छान होती.

आता चौकश्या. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची, तिथे प्रश्नांची यादी येते. ‘सोयर-सुतक आहे का?’ हे मला पटतं. सुतकात श्राद्ध करतच नाहीत, उगाच वाया जाईल. पुढचा प्रश्न: ‘घरात कुणी बाहेरचं आहे का?’ फोन लेकीच्या हातात होता. तिने बिनधास्त लिहिलं, ‘हो, दोघं आहेत. जेवायलाच येताहेत.’ पाचव्या मिनिटाला काकूंचा फोन! ‘अहो ताई, दोघींना एकदम? मग डबा कोण उतरवून घेणार?’ लेकीला समजावून सांगितलं तेव्हा ती हसली नाही. ‘मला पाळी आली असती तर मी आजीच्या पानाला हात लावायचा नाही?’ असं विचारून आत गेली. सासूबाईंनी आमच्या घरातलं बाजूला बसणं मी लग्न होऊन आले त्याच वर्षी बंद केलं होतं, हे तिला माहीत आहे. काकूंना कुठून असणार?

फोनवर होतेच, म्हणून विचारलं, ‘सोवळ्यातला म्हणजे नक्की काय करता?’ धुतलेलं नेसून, मधे कुणाला न शिवता, वगैरे सगळं नीट सांगितलं. मग आपणहून म्हणाल्या, ‘आणि बायका सगळ्या आपल्यातल्याच, काळजी नको.’ मी म्हटलं, ‘आपल्यातल्या म्हणजे?’ तर ‘अहो, तुम्ही समजताच की!’ कांदा चालत नाही हे त्या ठणकावून सांगतात. माणूस चालत नाही हे सांगायची वेळ आली की आवाज खाली येतो आणि ‘आपल्यातल्या’ पुढे होतं. २०१७ साली याच पुण्यात एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकाच्या बाईवर पोलिसांत तक्रार केली होती, जात लपवून सोवळं मोडलं म्हणून. तेव्हाही गौरीचा आणि श्राद्धाचाच स्वयंपाक होता. तक्रार नंतर मागे घेतली गेली, पण माझ्या डोक्यातून ते प्रकरण गेलेलं नाही. काकूंना मी काळजी कशाची विचारली होती, हेच मला कळेना.

बरं, एवढं सोवळं राखून डबे पाठवले कसे? अ‍ॅपवरून बोलावलेल्या मुलाबरोबर, प्लॅस्टिकच्या डब्यांत. त्याच्या त्याच पाठपिशवीत कुणाची तरी बिर्याणी होती, आणि तिचा वास खिरीला झाकेना. पोरगा बिचारा घामाघूम, तीन जिने चढून आला होता. त्याला पाणी दिलं, दोन वडे दिले. त्याची चौकशी कुणी केलेली नव्हती, हे उत्तम.

पान साडेतीनशे रुपये, पोचवायचे वेगळे. पितृपक्षात चार दिवस आधी सांगावं लागतं. चवीला पाच तारे, एकूण तीन. मागवणार असाल तर कढी घरी करा, आणि यादीतले प्रश्न कोरे सोडले तरी ऑर्डर घेतात. माझ्या जावेने तसंच केलं.