मोजायचं, खोदायचं की प्रयोग करायचा? राज्यशास्त्रात संशोधन आराखडा निवडताना

'गणित जमत नाही, म्हणून मुलाखती घेतो' हे वाक्य राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून सर्रास ऐकू येतं. आराखडा निवडायची ही सर्वात वाईट रीत. आधी विचारायचं ते हे: ज्याला आपण कारण म्हणतोय, ते कुणाच्या वाट्याला यावं आणि कुणाच्या नाही, हे ठरवलं कुणी? संशोधकाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं असेल तर तो प्रयोग. एरवी ते बहुतेक वेळा राजकारणानेच ठरवलेलं असतं. मग मोठा नमुना घ्या नाहीतर दोन-तीन घटना खोलात तपासा, कारण ज्यांच्या वाट्याला आलं ते लोक मुळातच वेगळे असू शकतात, ही अडचण सोबत येतेच.

प्रयोग

१९९८ च्या निवडणुकीत ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी केली. काहींच्या दारात जाऊन मतदानाचं आवाहन केलं, काहींना टपाल पाठवलं, काहींना फोन केले, काहींना काहीच नाही. दारात जाऊन बोलण्याचा परिणाम ठळक दिसला, फोनचा जवळपास नाहीच. 'मुळात उत्साही मतदारच त्या गटात होते' ही शंका इथे उरत नाही. कारणाबद्दल इतकं स्वच्छ उत्तर दुसरी कोणतीही पद्धत देत नाही.

पण आकडे बघा. मतदान ५० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ५ टक्केबिंदूंचा फरक पकडायचा असेल, तर नेहमीच्या निकषांवर (५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे परिणाम नसताना तो 'दिसण्याची' शक्यता ५ टक्के; ८० टक्के सामर्थ्य, म्हणजे परिणाम असेल तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात सुमारे १,५७० माणसं लागतात. १० बिंदूंच्या फरकाला ३९० पुरतात. म्हणजे परिणाम निम्मा झाला की नमुना चौपट. त्यात दार ३० टक्क्यांनीच उघडलं, तर ५ बिंदूंचा परिणाम अख्ख्या गटाच्या सरासरीत दीड बिंदूवर येतो आणि नमुना अकरा पट वाढवावा लागतो.

नवखे नेमके इथेच घसरतात. ज्यांनी दार उघडलं तेवढ्यांचीच तुलना ते नियंत्रित गटाशी, म्हणजे ज्यांना काहीच आवाहन केलं नाही त्यांच्याशी, करतात. पण दार उघडणारे म्हणजे घरी सापडणारे, स्थिरावलेले लोक. ते एरवीही जास्त मतदान करतात. तुलना नेमून दिलेल्या संपूर्ण गटांचीच हवी.

शिवाय युद्ध, राज्यघटना किंवा आघाडी सरकार चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही. मात्र कधी कधी एखादा नियमच आपल्यासाठी चिठ्ठ्या टाकतो: पश्चिम बंगाल आणि राजस्थानात कोणत्या पंचायतीचं प्रमुखपद महिलांसाठी राखीव राहील, हे यादृच्छिक रीतीने ठरल्यामुळे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांना आरक्षणाचा परिणाम मोजता आला (२००४). असा नियम सापडला तर सोडू नका.

मोठा नमुना

यादृच्छिक नमुन्यात ४०० उत्तरं म्हणजे साधारण ±५ टक्केबिंदूंची त्रुटी, १,००० म्हणजे ±३. 'यादृच्छिक' हा शब्द गळला की संख्येला अर्थ नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या मासिकवजा साप्ताहिकाकडे २० लाखांहून जास्त उत्तरं आली, तरी रूझवेल्ट हरणार हे त्यांचं भाकीत सपशेल पडलं. एकेका गावातून २०-२० माणसं घेतली तरी फसगत होते, कारण शेजारी एकमेकांसारखे असतात. गावातला अंतर्गत सहसंबंध (एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी किती, याचं माप) ०.०५ धरला तरी नमुना जवळपास दुप्पट लागतो.

सगळ्यात जास्त चुका नियंत्रण चलांत, म्हणजे तुलनेत सारखे धरून बाजूला ठेवलेल्या घटकांत, होतात. शिक्षणाचा मतदानावर परिणाम पाहताना 'राजकारणातली रुची' नियंत्रित केली, तर शिक्षण ज्या वाटेने काम करतं तीच वाट तुम्ही बुजवता. कारणाच्या नंतर घडणारी गोष्ट समीकरणात घालू नये. सॉफ्टवेअर घालू देतं, तो भाग वेगळा.

मोजक्या घटना

'किती परिणाम' हा प्रश्न नसून 'कसं घडलं' हा असेल, तर इकडे या. मात्र फक्त यशस्वी घटना निवडू नका. कामगार संघटना दडपल्या की आर्थिक वाढ होते, हे काही वेगाने वाढलेल्या आशियाई देशांवरून पटण्यासारखं वाटत होतं. बार्बरा गेडिस यांनी १९९० मध्ये इतर विकसनशील देशही तुलनेत घेतले, तेव्हा तो संबंध फिका पडला.

पुरावा किती आहे यापेक्षा त्याला वजन किती, हे इथे महत्त्वाचं. समजा दावा असा: लष्कराच्या दबावामुळे सरकारने निवडणूक पुढे ढकलली. मग लष्कराचं म्हणणं निर्णयाआधी सरकारपर्यंत पोचलेलं असायलाच हवं. ते निर्णयानंतर पोचल्याचं निघालं तर दावा बाद. आधीचं निघालं तर दावा फक्त टिकतो, सिद्ध होत नाही. मंत्रिमंडळाच्या इतिवृत्तात धमकीची नोंद सापडली, तर दावा जवळपास पक्का. सापडली नाही म्हणून तो पडत नाही, कारण अशा नोंदी सहसा कुणी ठेवत नाही. कोणता पुरावा निघाला तर दाव्याचं काय, ही यादी कागदपत्रं उघडण्याआधी लिहायची. नंतर लिहिली की हाती आलेला प्रत्येक कागद आपल्याच बाजूने बोलू लागतो.

वर्षभरात प्रबंध संपवायचा असेल, तर स्वतः घरोघरी प्रयोग करायच्या फंदात सहसा पडू नये; वर दिलेली संख्या एकट्याच्या आवाक्यातली नाही. त्याऐवजी आधीच गोळा झालेला सर्वेक्षणाचा डेटा घ्या आणि त्यात जो संबंध दिसतो, त्यासाठी दोन घटना निवडा: एक आकड्यांच्या अंदाजात चपखल बसणारी, एक अजिबात न बसणारी. त्या दुसरीला पहिलीच्या दुप्पट वेळ द्या.