मडकं शाबूत, झाकण गेलं: मातीच्या भांड्यांचे आणि कुंड्यांचे आठ महिने

संक्रांतीला सुगडं आणायला गेले होते, येताना रिक्षा भरून माती घेऊन आले. झाकणासकट एक मडकं, दही लावायला छोटं गाडगं आणि गच्चीसाठी बारा इंची सहा कुंड्या. आज श्रावण चालू आहे. मडकं, गाडगं आणि पाच कुंड्या धडधाकट आहेत. गेली ती एक कुंडी आणि झाकण, आणि हे सगळं लिहायला बसले ती त्या झाकणापायी.

काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळत होतं. ओल्या फडक्यानं झाकण उचललं, ते निसटलं, कट्ट्यावर आपटलं आणि तीन तुकडे झाले. चूक माझीच, मान्य. पण दुसऱ्या दिवशी आमच्या बेळगावच्या शहापुरातून चालत त्या विक्रेत्याकडे गेले तर तो म्हणतो, ‘सेट हाय ओ अक्का, झाकण सुटं देत नाही.’ सेटचे 350 रुपये. म्हणजे हाताएवढ्या झाकणासाठी चांगलं चालणारं मडकं बाजूला ठेवायचं आणि नवा सेट घ्यायचा? मी तिथं अर्धा तास हुज्जत घातली. त्याच्याकडे झाकणं दिसत होती, एकावर एक रचलेली! चार लावूनही बघितली. एक आत पडत होतं, बाकीची वर डुगडुगत होती. तेव्हा मला वाटलं, हा मुद्दाम करतोय.

झाकणाचं पुढं सांगते, आधी मडक्याचं. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, सकाळी त्यात तांदळाची पेज मंद गॅसवर तासभर शिजवली, निथळून वाळवलं आणि आतून तेलाचा हात फिरवला. पहिले दोन-तीन दिवस आमटीला मातीचा वास येत होता, घरात कुरकुर झाली, मग वास गेला. बूड सपाट बघून घेतलं होतं, तेवढी अक्कल होती. गोल बुडाचं चुलीवर छान बसतं, गॅसच्या शेगडीवर झुलतं. आच कायम बारीक, आणि तापलेल्या मडक्यात गार पाणी कधीही नाही. साबणही नाही, कारण मडकं तो पितं आणि मग सांबाऱ्यात परत देतं. कोमट पाणी आणि काथ्या, तेलकट असेल तर चमचाभर बेसन.

आमसूल, चिंच, टोमॅटो, काहीही घाला, चव बिघडत नाही. लोखंडी कढईत आंबट राहिलं की काळं पडतं, ती भानगड इथं नाही. गॅस बंद केल्यावरही पाच मिनिटं आत रटरटत असतं, म्हणून मी आता तेवढा आधीच बंद करते. तरी गॅस वाचतो म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तापायलाच इतका वेळ घेतं की सिलिंडर जास्तच जातो. भिजवलेले वाटाणे मी सरळ कुकरला लावते आणि फोडणीपासून पुढचं मडक्यात करते. सासूबाईंच्या मते ही लबाडी आहे. असेल, पण सिलिंडरचे पैसे मी मोजते.

गाडग्याबद्दल एकच वाक्य: दही इतकं घट्ट लागतं की डावाला खांडोळी निघते, कारण जास्तीचं पाणी मातीत झिरपून जातं.

आता कुंड्या. मे महिन्यात हे लिहिलं असतं तर ‘अजिबात घेऊ नका’ असं लिहिलं असतं. झिलई नसलेल्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडून जातं. आमच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात सकाळी घातलेलं पाणी दुपारी गायब. मिरची माना टाकायची, दोन वेळा बादल्या वाहायच्या. त्यात बोअरचं पाणी, त्यामुळं कुंड्यांवर बाहेरून क्षाराचे पांढरे चट्टे उठले, एखादं आजारी जनावर दिसावं तशा दिसायला लागल्या. एका कुंडीची काठावरून खपली उडाली, आत पांढरा ठिपका होता. मातीत चुन्याचा खडा राहिला की भट्टीत तो भाजतो, पुढं ओल लागली की फुगतो आणि कुंडी फोडतो. सहावी कुंडी अशी गेली. वैतागून चार प्लास्टिकच्या आणल्या, 120 ची एक, आणि शेजारणीलाही सांगितलं, माती-बिती काही नको.

मग वळीव झाला, मृग लागला, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. खानापूर-कणकुंबीकडं कोसळतो तसा आमच्याकडं कोसळत नाही, पण आठ-आठ दिवस ऊन दाखवत नाही. जुलैमध्ये प्लास्टिकच्या चारपैकी तीन मिरच्या पिवळ्या पडल्या. उपटून बघितलं तर मुळं काळी, बुळबुळीत, वास मारणारी. मातीच्या कुंडीतली मिरची त्याच पावसात उभी. उन्हाळ्यात माझं पाणी चोरणारी कुंडी पावसाळ्यात तेच जास्तीचं पाणी बाहेर टाकत होती. चट्टेही पावसानं बरेचसे धुऊन काढले, आता हिरवं शेवाळ आहे, पण ते मला आवडतं. शेजारणीला परत जाऊन सांगावं लागलं. ती हसली.

म्हणून सध्याचा हिशेब असा: मिरची, कढीपत्ता, ओवा मातीत. पुदिना आणि अळू प्लास्टिकमध्ये, त्यांना ओल सोसते. भरताना तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताच्या गिरणीतलं तूस. तूस आपल्याकडं कुठंही मिळतं, त्यासाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा विकत आणायची गरज नाही. तळाला जाड खडीचा थर द्यायची सवय मी सोडली. त्यानं निचरा वाढत नाही, वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, उलट मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा पुरतो, माती वाहून जाऊ नये म्हणून. आणि भरलेली, भिजलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोची होते. जागा ठरवून मगच भरा, नंतर माझ्यासारखी कंबर धरू नका.

तर झाकण. आठ दिवस मी मडक्यावर स्टीलचं ताट ठेवलं. मातीचं झाकण वाफ थोडी पिऊन टाकतं. स्टीलवर ती सगळी जमते आणि काठावरून ओघळून शेगडीवर चर्रर्र करते. शिवाय ताट थडथड वाजतं. एकदा केळीचं पान बांधलं. एकदा जुन्या बरणीचं झाकण. आमचे हे म्हणाले, ‘350 रुपये टाक आणि विषय मिटव.’ मुद्दा पैशाचा नव्हता. होता, पण तेवढाच नव्हता.

शेवटी मडक्याच्या तोंडाचं माप सुतळीवर घेतलं आणि पॅसेंजरनं खानापूर गाठलं. खानापूरची माती आणि कुंभारकाम जुनं, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. एका घरासमोर मडकी वाळत होती. म्हटलं, ‘मामा, एवढ्या मापाचं नुसतं झाकण द्या.’ सुतळी बघून ते हसले. ‘मुच्चळा बेरे सिगंगिल्ल री,’ कानडीत म्हणाले. इथंही तेच, सुटं नाही! पण यांनी कारण सांगितलं. माती वाळताना आटते, भट्टीत आणखी आटते. मडकं आणि झाकण एकाच मातीचं, एकाच वेळी घडवून जोडीनं वाळवलं तरच तोंडाला तोंड बसतं. आज माझ्या मापाचं केलं तर भाजून निघेपर्यंत लहान होणार, आणि किती लहान ते मातीवर. वर हेही कळलं की चुलीच्या भांड्याच्या मातीत जाडसर वाळू मळतात म्हणून ते आच सोसतं, कुंडीची माती निराळी, ती शेगडीवर चढवली तर तडकेल. म्हणजे शहरातला तो विक्रेता खोटं बोलत नव्हता. नुसतं ‘सेट हाय’ म्हणण्याऐवजी एवढं सांगितलं असतं तर माझं अर्ध्या तासाचं भांडण आणि रेल्वेचं तिकीट वाचलं असतं.

निघताना कोपऱ्यात कुंडीखाली ठेवायच्या बशांची चळत दिसली. रंग नाही, झिलई नाही. सुतळी लावली. चार बशा बाजूला केल्यावर पाचवी बरोब्बर. झाकणाला थोडीच आच लागते, नुसती वाफ सोसायची. मामांनी मान हलवली, चालेल म्हणाले.

घरी आणून तीही भिजवली, वाळवली आणि मडक्यावर ठेवली. काठात नीट बसली. आणि बशीला खोलगटपणा असतो, त्यात वाटीभर पाणी मावतं! जुनं झाकण घुमटाकार, त्यावर पाणी कधीच राहायचं नाही. आता मटकीच्या उसळीवर बशीत पाणी ठेवते, उसळ वाफेवर शिजते, आणि कमी पडलं तर तेच गरम झालेलं पाणी आत ओतते. गार पाण्यानं मडकं तडकायची धास्ती गेली. धरायला बोंडूक नाही, दोन्ही हातांनी फडक्यात उचलावी लागते, आणि अजून मला ते खटकतं.

जुन्या झाकणाच्या तीन तुकड्यांपैकी दोन मिरचीच्या कुंड्यांत भोकावर आहेत, तिसरा जपून ठेवलाय. बशीचे मामांनी 30 सांगितले होते, 25 ला दिली.