सांगली-मिरज रोडजवळचं एक व्यसनमुक्ती केंद्र, 14 महिने नाईट केलेल्याचा रिव्ह्यू

केंद्राचं नाव टाकत नाही. रिव्ह्यू सगळे नातेवाईकच लिहितात, आत काम केलेला कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. पोस्ट केअरटेकरची, प्रत्यक्षात वॉर्डबॉय, वॉचमन आणि कधीकधी न्हावी पण, कारण पेशंटच्या हातात ब्लेड द्यायचं नाही.

आधी चांगलं सांगतो. मारहाण नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे पेशंटपण येतात आणि साखळीनं बांधायला बंदी आहे, तरी काही ठिकाणी काय चालतंय ते ऐकून असालच, इथं मी तसलं एकदाही बघितलं नाही. काउन्सेलर मॅडम मनापासून काम करतात. आणि स्वयंपाकाच्या मावशी, त्यांना एक स्टार वेगळा. दारू सुटली की माणूस गोडाला हपापतो हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, तरी आठवड्यातनं दोनदा शिरा व्हायचाच.

अ‍ॅडमिशनच्या वेळचं चेकिंग शिकायला महिना जातो. चपलेच्या सोलमध्ये गायछाप, शर्टाच्या कॉलरीत गोळ्या, सॅनिटायझरची बाटली तर हमखास. एका आईनं पोरासाठी कंदी पेढे आणले, बॉक्समधल्या कागदाखाली तंबाखूची पुडी, सापडल्यावर मलाच म्हणाली, "तेवढंच एक राहिलंय रं बाळा त्याला, असू दे की." काय बोलणार. आणि पेशंट भांडायला लागला की पहिला डायलॉग ठरलेला, "तू कधी पिलायस का? मग तुला काय कळणार?" ह्याला माझ्याकडं शेवटपर्यंत उत्तर नव्हतं.

आता रात्रीचं. 26 पेशंट आणि मी एकटा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, हे जॉइन होताना मला कुणी सांगितलं नाही, मी ते रात्री अडीच वाजता शिकलो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका, तिसरी रात्र. उशी पाठीला धरून पंप असल्यागत वॉर्डातनं ओळीनं औषध मारत निघाले, प्रत्येक कॉटपाशी थांबायचे, हात खालनं वर, तोंडानं फुस्स फुस्स, आणि मला म्हणतात, "पोरा मागं सर, अंगावर उडंल." बाकीचे हसायलेत, आधी मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. मग हात धरला तर अंग तापलेलं, बनियन पिळून काढावं इतका घाम, आणि हात थांबेचनात.

मॅनेजरला फोन केला तर म्हणाले, "सकाळी डॉक्टर येतायत, तोवर झोपव त्यांना." केंद्राची गाडी दारात उभी, चावी मॅनेजरच्या घरी. पेशंटमध्ये एक रिक्षावाला होता, त्यानं माझ्या मोबाईलवरनं दोस्ताला उठवलं, आणि बरा होऊन इथंच मदतीला राहिलेला एक जुना पेशंट सोबत देऊन काकांना मिरज सिव्हिलला पाठवलं. मी जाऊ शकत नव्हतो, मागं 25 जण आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. चारपर्यंत फोनकडं बघत बसलो.

काका वाचले. आठ दिवसांनी परत आले तर त्यांना काहीच आठवत नव्हतं, मी सांगितल्यावर नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध कुठलं मारत होतो रं?"

पगार 10 तारखेला सांगतात, 20 धरून चाला. एकूण तीन स्टार. इंटरव्ह्यूला गेलात तर पगाराच्या आधी विचारा की रात्री माणसं किती असतात, डॉक्टर रात्री येतात का आणि गाडीची चावी कुठं असते. रिक्षाचे 300 मीच दिलेले, व्हाउचर भरून दिलंय, अजून आले नाहीत.