नवीन सीडीआय आणि नेलपॉलिशचा ठिपका

पावसाळाभर होडी झावळ्या आणि ताडपत्रीखाली होती. नारळी पौर्णिमा झाली, ताडपत्री काढली, मशीन होडीला लावलं आणि दोरी खेचायला लागलो. वीस वेळा खेचली असेल. साधं फुरफुरलंसुद्धा नाही. दोन सिलिंडरचं ९.९ अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन. दोन्ही प्लग काढून बॉडीला टेकवून सावलीत बघितले. स्पार्क नाही. नवे प्लग लावले, तरी नाही.

इथेच मी घाबरलो आणि इथेच फसलो. दिवस धंद्याचे, मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर इतरांच्या होड्या रोज जाताना दिसत होत्या, आणि मेकॅनिक मिळायची मारामार. कोणीतरी एकाचा नंबर दिला. तो मोटारसायकलवरून आला, कव्हर उघडलं, दोन मिनिटं आत बोटं फिरवली आणि म्हणाला, "सीडीआय गेलो. नवो घालूक लागतलो." सीडीआय म्हणजे प्लगला स्पार्क पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. मीटर त्याच्या पिशवीत होता, पण त्याने तो बाहेर काढलाच नाही. सीडीआय खोलून "दुकानात टेस्ट करतो" म्हणून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी काळाकुळकुळीत, चकाचक सीडीआय घेऊन हजर. बसवला, तिसऱ्या दोरीला मशीन चालू! साडेआठ हजार सीडीआयचे आणि हजार मजुरी, रोख. बिल मागितलं तर "बिलावर जीएसटी लागेल". जुना पार्ट मागितला तर "तो कंपनीला परत द्यावा लागतो, तरच हा भाव मिळतो". मशीनच्या आवाजाने मी इतका खूश होतो की हेही पटलं.

त्याच दिवशी मासेमारीला गेलो. संध्याकाळी किनाऱ्याला लागताना नेहमीसारखी मशीन बंद करायची लाल क्लिप ओढली. मशीन बंद होईना. बटण दाबलं, तरी चालूच. होडी सरळ वाळूत घुसली, पंखा वाळू उडवायला लागला. शेवटी चोक पूर्ण ओढला तेव्हा गुदमरून बंद झालं. क्लिपची मनगटाला बांधायची दोरी कशासाठी असते? माणूस पाण्यात पडला की क्लिप निघावी आणि मशीन जागेवर थांबावं म्हणून. म्हणजे दिवसभर मी ती दोरी हाताला बांधून संगमाच्या लाटांतून जात होतो, आणि ती नुसती शोभेची होती.

घरी कव्हर उघडलं. स्टॉप स्विचकडून सीडीआयला येणारी पांढरी वायर जोडातून उपटून, टेप गुंडाळून मागे खोचलेली. आता डोक्यात प्रकाश पडला. या मशीनमध्ये स्विच दाबलं की ती वायर बॉडीला टेकते आणि स्पार्क मरतो. खाऱ्या हवेने स्विच आतून गंजून कायमचं चिकटलं, की बटण न दाबताच मशीनला वाटतं, मालक बंद करतोय. स्विच सोडवून मीटर लावला. क्लिप जागेवर असतानाही टीं करून वाजत राहिला, म्हणजे आतून जोडलेलंच. बिघाड तेवढाच होता. मेकॅनिकने तो पहिल्या दोन मिनिटांत ओळखला होता.

मग ते साडेआठ हजार कशाचे? सीडीआय खोलून उलटा केला. मागच्या बाजूला, बोल्टच्या कानाजवळ, गुलाबी ठिपका. दोन वर्षांपूर्वी वायरी उलटसुलट होऊ नयेत म्हणून मीच मुलीच्या नेलपॉलिशने खूण केली होती. पुढच्या बाजूला काळा स्प्रे मारून माझाच सीडीआय मला विकला होता!

फोनवर तो म्हणाला, "तो ठिपका कंपनीचाच असतो." गुलाबी! गावातल्या दोघांना घेऊन दारात गेलो तेव्हा चार हजार परत मिळाले. बाकीचे अजून 'उद्या'.

दोन्ही प्लगचा स्पार्क एकाच वेळी गेला, तर बहुतेक दोघांना सामाईक असलेलं काहीतरी गेलेलं असतं, आणि त्यात सगळ्यात स्वस्त वस्तू स्टॉप स्विच. म्हणून आधी त्याची वायर सोडवून दोरी खेचा. स्पार्क आला तर सीडीआयवर एक रुपया घालू नका. मात्र तसंच ठेवून खाडीत जाऊ नका, स्विच बदला. स्पार्क नाहीच आला, तर फ्लायव्हीलखालच्या चार्ज कॉइलचा (सीडीआयला वीज देणारी) आणि पल्सर कॉइलचा (स्पार्कची वेळ ठरवणारी) रेझिस्टन्स मीटरने मोजायला सांगा, तोही तुमच्यासमोर, आणि आकडा मशीनच्या मॅन्युअलशी ताडून बघा. सीडीआयचा नंबर सगळ्यात शेवटी. पार्ट बाहेर न्यायचा झाला तर आधी फोटो काढा, खूण करा. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नेलपॉलिश घरात असतेच.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्याचं मशीन असंच बंद पडलं. मी ऐटीत मीटर घेऊन गेलो, पांढरी वायर सोडवली. स्पार्क नाही. त्याची चार्ज कॉइल खरोखरच गेली होती. नवी आणली, बिलासकट. जुनी त्याच्या पडवीच्या खिडकीत ठेवलीय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.